रंग न धरणारं नाव

माझे बाबा मत्सरी होते. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत आले, तेव्हा त्यांच्या माघारी म्हणायला हरकत नाही. पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा, आणि दुसऱ्या कुणी रंगवलेली पाटी त्यांना जन्मात आवडली नाही. त्यांच्याबरोबर बाजारात निघालं की दर दहा पावलांवर थांबावं लागे. "हा 'ट' बघ, पोट सुटलंय त्याचं. आणि हा 'र' बघ, आत्ता पडेल." खालच्या औषधांच्या दुकानातल्या कंपाउंडरच्या मुलीला भाषणात बक्षीस मिळालं, तर आमच्या घरी दोन दिवस कुणी धड बोलायचं नाही. मला मिळालं, तर बाबा काही काम नसताना कंपाउंडरच्या समोरून तीन-तीनदा जायचे.

पण हे सगळं किरकोळ झालं. बाबांचा खरा, मुरलेला मत्सर एकाच माणसावर होता, आणि तो माणूस माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधी लढाईत मारला गेला होता. माझ्या आईचा पहिला नवरा.

आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात काज-बटणाचं काम करायची. त्या दुकानाची पाटी रंगवायला बाबा गेले. दोन दिवसांचं काम त्यांनी नऊ दिवस चालवलं. दहाव्या दिवशी दुकानदाराने विचारलं, "पेंटर, पाटी रंगवताय की लेणं खोदताय?" तेव्हा बाबांनी सरळ आईलाच विचारलं. आईने सगळं सांगितलं. लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. नवरा सैन्यात. एकोणीस दिवसांची रजा संपवून तो गेला आणि तीन महिन्यांनी तार आली. त्याला आता चार वर्षं झाली होती. बाबा म्हणाले, मला त्याचं काही नाही. मोठ्या मनाने म्हणाले. ते मोठं मन त्यांना आठ-दहा दिवस पुरलं असावं.

घर आईचंच राहिलं. औषधांच्या दुकानावरच्या दोन भाड्याच्या खोल्या, ज्यात ती पहिल्यांदा लग्न होऊन आली होती. बाबांच्या घरी तीन भाऊ दाटीवाटीने राहत होते, म्हणून तेच आईकडे राहायला आले. बाहेरच्या खोलीत दाराच्या मागे एक लाकडी फळी ठोकलेली होती आणि तिला चार पितळी खुंट्या. त्या खुंट्या उंच होत्या. बाबा चणीने लहान, पाच फूट दोन इंच, तेही बूट घालून. कामावरून आले की ते शर्ट काढायचे, टाचा उचलायचे, हात ताणायचे, जिभेचं टोक बाहेर काढायचे आणि शर्ट खुंटीला अडकवायचे. रोज. आजारी असले तरी.

"फळी खाली घ्या ना बाबा, चार तर स्क्रू आहेत," मी लहानपणी एकदा म्हटलं.

"मला पोचतंय," बाबा म्हणाले.

त्या खुंट्या 'त्यांनी' लावल्यात हे मला कधीतरी बाबांकडूनच कळलं. आई त्या माणसाचा उल्लेख 'ते' असा करायची, तोही वर्षातून एखाद्या वेळी. बाबा त्याला 'साहेब' म्हणायचे. साहेबांचा फोटो आईच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेला होता. गणवेशातला एकटा माणूस, मागे पांढरा पडदा. ते कपाट उघडायला लागू नये म्हणून बाबांनी आपले कपडे शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवले. साहेबांचं नाव बाबा घेत नसत, पण साहेब घरात सगळीकडे होते. जिन्याची कडी वरची. न्हाणीघरातला आरसा वरचा, दाढी करताना बाबांना त्यात फक्त कपाळ दिसायचं. बाबा पाटावर चढून दाढी करायचे आणि आरशाखालच्या भिंतीला म्हणायचे, "बरोबर आहे. साहेबांच्या मापाचं घर."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई साहेबांकडे जायची. हाही बाबांचाच शब्द. गावाबाहेर पाण्याच्या टाकीपलीकडे सैनिकांची दफनभूमी होती. पांढऱ्या दगडांच्या सरळ ओळी, मधे कापलेलं गवत, आणि शेवटी तपकिरी दगडाची एक लांब भिंत. ज्यांचे देह परत आले नाहीत त्यांची नावं त्या भिंतीवर कोरलेली होती. दोनशे चौदा नावं, सात उभ्या रांगा, प्रत्येक नावापुढे वय. पाचव्या रांगेत सगळ्यात वरचं नाव साहेबांचं. तेही वरच, बारा फुटांवर. समोर एक बाक होता. आई इस्त्रीचे कपडे घालून जायची, अर्धा तास त्या बाकावर बसायची आणि परत येऊन कामाला लागायची.

बाबा कधी तिच्याबरोबर गेले नाहीत. मला मात्र पाठवायचे, आणि आम्ही परतलो की मला गॅलरीत घेऊन चौकशी सुरू व्हायची.

"आई काय बोलली?"

"काही नाही."

"रडली?"

"नाही."

"मग केलं काय?"

"बसली."

हे उत्तर त्यांना पचायचं नाही. रडली असती तर त्यांना कळलं असतं. अर्धा तास नुसतं बसण्यात काय असतं ते त्यांना समजेना, आणि न समजलेल्या गोष्टीचाच मत्सर जास्त होतो. मला ठाऊक आहे, हा गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या शाळेने आम्हाला ती भिंत दाखवायला नेलं. बाईंनी विचारलं, "यात कुणाच्या घरचं नाव आहे का?" तीन हात वर झाले, त्यात एक कंपाउंडरच्या मुलीचा, तिचे कुणी मामा होते. ती हात वर करते म्हटल्यावर मी कशी मागे राहणार? मीही केला. बाईंनी मला पुढे बोलावलं, सगळ्यांना माझ्याकडे बघायला लावलं. माझं नाव सगळ्यात वर होतं, तिच्या मामाचं खालून दुसरं, पायांपाशी. मी तरंगतच घरी आले आणि जेवताना सगळं सांगून टाकलं.

"आमच्या घरचं नाव सगळ्यात वर आहे असं सांगितलं मी."

बाबांचा घास हातात राहिला. "आपल्या घरचं नाव खाली दारावर आहे," ते म्हणाले. "तुझ्या बापाने लिहिलंय. चांगलं ठसठशीत."

आई म्हणाली, "लहान आहे ती. जेवा तुम्ही."

बाबा जेवले. पण त्या दिवशी त्यांनी शर्ट खुंटीला लावला नाही, खुर्चीवर टाकला.

पुढच्याच महिन्यात नगरपालिकेने त्यांना काम दिलं, त्या भिंतीवरच्या नावांना नवा रंग द्यायचं. कोरलेल्या अक्षरांत पूर्वी भरलेला काळा रंग उडून गेला होता आणि नावं दगडात मिसळून गेली होती. काम कुठलं ते ऐकूनही बाबा हो म्हणाले. गावात तेच सगळ्यात चांगले पेंटर होते आणि दुसऱ्या कुणी ते काम केलेलं त्यांना सहन झालं नसतं. मला सुट्टी होती. मी रोज त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून जायची. अक्षराच्या पोटात बारीक ब्रशने इनॅमल भरायचा, रंग ओला असतानाच बाहेर आलेला तेवढा टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून घ्यायचा, पुढच्या अक्षराला जायचं. दिवसाला वीस नावं. बाबांचा हात दृष्ट लागण्यासारखा होता. एक-एक माणूस दगडातून बाहेर येऊन उभा राहिल्यासारखा वाटायचा.

अकराव्या दिवशी त्यांनी शिडी मिटली. मी लांब जाऊन भिंत बघितली. पाचव्या रांगेच्या वरच्या टोकाला काही नव्हतं. नुसता दगड.

"बाबा, एक राहिलं."

ते ब्रश धूत होते. "राहू दे."

"पण बाबा, ते आपलं..."

"आपलं नाही ते."

आम्ही घरी आलो. जिना चढताना आईने वरूनच विचारलं, "सगळी झाली?" आणि बाबा म्हणाले, "झाली." मी काही बोलले नाही. मला वाटलं होतं, हे माझ्यामुळे झालं. मी शाळेत हात वर केला नसता तर त्यांनी ते नाव रंगवलं असतं. पुढे बत्तीस वर्षं मी ही गोष्ट पोटात ठेवली.

बाबांनी मात्र एका गोष्टीचा हिशेब केला नव्हता, तो म्हणजे तिथला रखवालदार. हा भला माणूस गवत कापायचा, फाटक उघडायचा आणि आल्या-गेल्याला माहिती द्यायचा. त्याने बाबांना गाठलं. "पेंटर, ते वरचं एक राहिलंय बघा."

बाबांनी बेधडक ठोकून दिलं, "तिथला दगड ओल धरतो. रंग टिकत नाही."

रखवालदाराने ते मनावर घेतलं. पुढच्या वेळी काम निघालं तेव्हा त्याने परत विचारलं, बाबांनी परत तेच सांगितलं. मग तो लोकांना सांगायला लागला: हे एक नाव रंग धरत नाही. कितीही वेळा लावा, आठ दिवसांत जातो. लोकांना एवढं पुरे झालं. कुणी म्हणालं, तो माणूस मेलेलाच नाही, म्हणून. कुणी म्हणालं, त्याला परत यायचंय. शनिवार-रविवारी माणसं येऊ लागली, भिंतीसमोर उभी राहून एकमेकांना बोट दाखवून वर बघू लागली. दोनशे तेरा नावं बाबांनी जीव ओतून रंगवली होती, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

बाबांना हे केशकर्तनालयात कळलं. बाजूच्या खुर्चीवरचा माणूस न्हाव्याला सांगत होता. बाबा अर्धी हजामत झालेली तशीच ठेवून घरी आले. आई कामावर होती म्हणून मला पकडलं.

"रांग लागते म्हणे! साहेबांच्या दर्शनाला!"

"मग रंगवून टाका ना बाबा. रंगवलं की रांग संपली."

ते माझ्याकडे बघत राहिले. एका गालावर साबण वाळला होता. रंगवलं तर साहेबांचं नाव आपल्या हाताने उजळायचं, नाही रंगवलं तर साहेब गावभर प्रसिद्ध. बाबांची अशी गोची त्याआधी कधी झाली नव्हती आणि पुढे ती कधी सुटली नाही. दर तीन वर्षांनी ते दोनशे तेरा नावं रंगवायचे. दर तीन वर्षांनी आई विचारायची, "सगळी झाली?" दर वेळी तेच उत्तर.

मग पाट्यांचा धंदाच बसला. प्लास्टिकची तयार अक्षरं आली, बाबांचे ब्रश डब्यात उभे राहून वाळले. नगरपालिकेने भिंतीचं काम देणं बंद केलं. आईने नोकरी सोडली, कारण काजं करून करून डोळ्यांत काही उरलं नव्हतं आणि वर मोतीबिंदू झाला होता. मी नोकरीला लागले, लग्न काही केलं नाही, त्यांच्याजवळच राहिले. पहिल्या रविवारी मी आईला हात धरून न्यायची. ती बाकावर बसायची, मान वर करायची. तिला काय दिसत असेल, मी विचारायची नाही.

ती अडुसष्ट वर्षांची असताना डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाकू, अगदी स्वच्छ दिसेल. मला आनंद झाला. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं, लहानपणी बोलवायचे तसंच. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

"स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ?"

"सगळं दिसेल बाबा. बारा फुटांवरचंसुद्धा."

"मग तिला कळणार," ते म्हणाले. "तिला वाटेल, आपण कसल्या माणसाबरोबर जन्म काढला. इतक्या वर्षांत तिने एका शब्दाने साहेबांचं कौतुक केलं नाही माझ्यासमोर, आणि मी..." मग म्हणाले, "आपली शिडी कुठाय गं?"

ऑपरेशननंतर आई दोन दिवस रुग्णालयात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, फाटक उघडायच्या वेळी, आम्ही रिक्षाच्या टपावर शिडी बांधून तिथे पोचलो. रखवालदार तोच होता, आता पुरता म्हातारा झालेला. शिडी पाचव्या रांगेला लागलेली बघून तो जवळजवळ धावत आला.

"पेंटर, त्याला हात लावू नका. लोक तेच बघायला येतात. आणि रंग टिकणार आहे का तिथे?"

"टिकेल."

"दगड ओल धरतो, तुम्हीच म्हणालात."

बाबांनी डब्याचं झाकण उघडलं, रंग ढवळला, ढवळतच राहिले. मग म्हणाले, "दगडाला काही झालेलं नाही हो. मला झालं होतं."

रखवालदाराने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट हातातून जाते म्हटल्यावर माणूस हिरमुसणारच. पण शिडीचा एक पाय त्याने धरला, एक मी धरला.

बाबा वर गेले. मधे दोनदा थांबले. वर पोचल्यावर बराच वेळ त्यांनी ब्रश लावलाच नाही. मी खालून हाक मारली, तरी नुसते बघत राहिले. मग रंगवायला लागले. एरवी वीस मिनिटांचं काम, त्याला पाऊण तास लागला. खाली उतरले तेव्हा घामाघूम झाले होते आणि मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी त्यांना बाकावर बसवलं. आईच्या बाकावर.

"सात अक्षरं आहेत," ते म्हणाले. "आणि पुढे वय. चोवीस."

"माहीत आहे बाबा."

"मलाही माहीत होतं. पण हाताने भरलं नव्हतं ना कधी." त्यांनी रंगाची बोटं बोळ्याला पुसली. "तुझ्याहून सतरा वर्षांनी लहान. साहेब कसले गं, पोरगंच की."

हे ऐकून मला बरं वाटलं. वाटलं, चला, सुटला हा माणूस एकदाचा. तेवढ्यात त्यांनी वर बघितलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. पाच वर्षांत बाकीच्या नावांना कुणी रंग दिला नव्हता. दोनशे तेरा नावं धुरकट झाली होती आणि त्यांच्यात ते एकच काळंभोर, चकचकीत, फाटकातून वाचता येईल असं.

"बघ," बाबा म्हणाले. "झालेच परत पुढे."

पट्टी निघाल्यावर आई घरभर फिरून सगळं बघत होती. माझे पांढरे केस बघून म्हणाली, "हे केव्हा झालं?" बाबांना बघून नुसती जवळ गेली आणि त्यांच्या कॉलरवरचा काळा डाग नखाने खरवडून बघितला. त्यानंतर तीनच दिवसांनी पहिला रविवार आला. बाबा म्हणाले, "मीही येतो." त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही तिघं बाकावर बसलो. आईने आधी गवत बघितलं, मग पांढऱ्या ओळी, मग पहिल्या रांगेपासून एकेक नाव वाचत गेली. बाबा पुढे वाकून बसले होते, हात गुडघ्यांवर. ती पाचव्या रांगेला आली आणि थांबली.

"आज दिसतंय नाव."

"धरला शेवटी रंग," बाबा म्हणाले. सवयच ती.

"अहो, पेंटरची बायको आहे मी," आई म्हणाली. "दगड रंग धरत नाही म्हणे. ते रखवालदाराला सांगा."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच रविवारी. तेव्हा डोळे चांगले होते माझे."

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता मला. महिनाभर तुमच्या एका शर्टाला बटण लावलं नाही मी. तुमच्या लक्षातही आलं नाही, तसेच पिना लावून हिंडलात." ती जरा हसली. "मग वाटलं, घरात हा माणूस कधी आवाज चढवत नाही, टोमणा मारला तर आरशाला मारतो. जे काय पोटात आहे ते बाहेर काढायला त्याला एवढी एक जागा आहे. असू दे. आणि पुढे डोळे गेले तेव्हा अक्षरं दिसायची नाहीत, पण सगळ्या काळ्या ओळींत तेवढा तुकडा रिकामा दिसायचा. मला तीच खूण झाली."

मग बाबांनी तो प्रश्न विचारला, जो विचारायला ते मला एवढी वर्षं पाठवत होते.

"इथे येऊन तू करतेस तरी काय?"

"बसते." बाबांच्या चेहऱ्यावर तेच जुनं न समजणं आलं, तेव्हा तिने पुढे सांगितलं. "त्यांची आई होती तोवर ती यायची. ती गेल्यावर त्यांचं म्हणावं असं कुणी उरलं नाही. एकोणीस दिवसांची ओळख आमची. आवाज आठवत नाही, चेहरा फोटो बघितला की आठवतो. पण मी नाही आले तर त्यांच्याकडे कोण येणार? तुम्हाला आम्ही दोघी आहोत."

परत येताना रिक्षात बाबा आईच्या बाजूला बसले आणि तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर धरली.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट काढला, दारामागे गेले, टाचा उचलल्या, हात ताणला, जिभेचं टोक बाहेर काढलं. आई खुर्चीत बसून हे बघत होती. पुष्कळ वर्षांनी तिला ते नीट दिसत होतं.

"अहो, ती फळी खाली का नाही घेत तुम्ही?"

"राहू दे," बाबा म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "त्यांनी लावलीय. राहू दे त्यांची आठवण."

"कुणी?"

"साहेबांनी."

"त्यांनी?" आई म्हणाली. "त्यांनी एक खिळासुद्धा ठोकला नाही या घरात, वेळ कुठे होता? फळी, आरसा, कडी, सगळं आम्ही आलो तेव्हा असंच होतं. त्यांनासुद्धा पोचायचं नाही. स्टूल घ्यायचे."

बाबांचा हात वरच राहिला. "स्टूल? पण ते तर उंच..."

"कसले उंच? तुमच्याहून बोटभर असतील. फोटोत शेजारी कुणी नसलं की माणूस उंचच दिसतो."

शर्ट खुंटीवरून घसरून खाली पडला. बाबांनी तो उचलला नाही. त्रेचाळीस वर्षं रोज एकदा, म्हणजे किती वेळा त्यांनी टाचा उचलल्या असतील, हे मी मनात मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं.

"मग ही फळी लावली कुणी?" त्यांनी विचारलं.

"आधीच्या भाडेकरूने. बँकेत होता कुणीतरी. खोल्या दाखवायला तोच आला होता. तो मात्र चांगला उंच होता हं, दारातून वाकून यायचा."

बाबांनी वाकून शर्ट उचलला, झटकला, हातावर घेतला. फळीकडे बघितलं. मग आईकडे बघितलं.

"चांगला उंच म्हणजे?" ते म्हणाले. "तू काय एवढं निरखून बघितलंस त्याला?"

आठ दिवस डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण आई अशी हसली की मला कापूस आणायला आत पळावं लागलं. मी परत आले तेव्हा ती अजून हसत होती, आणि बाबा शर्ट हातावर घेऊन उत्तराची वाट बघत उभे होते.